टायमिंग लावलं की गाडी सुरू, महिन्याभरात पुन्हा ठप्प: अ‍ॅम्बॅसिडरचं इग्निशन मुळापासून तपासताना

जुनी अ‍ॅम्बॅसिडर ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार एकदा तरी असते. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे, प्लगला करंटही येतो, पण गाडी धरत नाही. मिस्त्री येतो, डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे ठिणगीचा करंट वेळेवर एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाचा, बोल्ट ढिला करतो, कुणाला तरी आत बसवून सेल्फ मारायला लावतो आणि डिस्ट्रिब्युटर हाताने थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवतो. इंजिन धरलं की कानाने अंदाज घेत बोल्ट आवळून टाकतो. गाडी महिनाभर बरी चालते आणि एक दिवस सकाळी पुन्हा तेच रडगाणं.

टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायची वेळ, आपोआप बिघडत नाही. ते सरकतं, आणि ते सरकवणारी वस्तू डिस्ट्रिब्युटरमध्येच कुठेतरी असते. ती सापडत नाही तोवर डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लावणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरत राहणं. म्हणून खाली टायमिंग लावायची रीत दिली आहेच, पण त्याआधी काय बघायचं आणि नंतर काय शोधायचं यावर जास्त भर आहे.

हे सगळं 1489 सीसीच्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. हे मूळचं ब्रिटनच्या बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं इंजिन, बंगालमधल्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं अ‍ॅम्बॅसिडरवर बसत गेलं. नंतरच्या 1817 सीसी इसुझु इंजिनाला हे तपशील जसेच्या तसे लावू नका. कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचा फायरिंग ऑर्डरही (सिलिंडर पेटायचा क्रम) 1-3-4-2 हाच आहे आणि पद्धतही हीच चालते, पण तिचे गॅपचे आणि अंशांचे आकडे तिच्याच पुस्तकातून घ्या.

आधी आवाज ऐका

सेल्फ मारताना इंजिन काय बोलतं त्यावरून निम्मं निदान होतं.

टायमिंग फार पुढे गेलं असेल तर सेल्फ अडखळतो. अर्धा फेरा फिरतो, अडतो, पुन्हा उचलतो. बॅटरी उतरल्यासारखं वाटतं आणि कित्येक जण इथेच नवी बॅटरी आणून बसवतात. प्रत्यक्षात पिस्टन वर पोचायच्या बराच आधी ठिणगी पडते, पेटलेला गॅस पिस्टनला उलटा खाली रेटतो आणि सेल्फला त्याच्याशी झुंजावं लागतं. इंजिन गरम असताना हा त्रास जास्त जाणवतो. अशा गाडीला हँडल (समोरून हाताने इंजिन फिरवायचा दांडा) मारणं धोक्याचं आहे, कारण हँडल उलटा झटका देतं आणि मनगट मोडू शकतं. हँडल मारायचंच असेल तर अंगठा दांड्याभोवती गुंडाळू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा आणि हँडल खालून वर ओढा.

टायमिंग मागे पडलं असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर सेल्फ मोकळा फिरतो. इंजिन धरल्यासारखं करतं आणि सोडून देतं, सायलेन्सरमधून फटाके फुटतात. कशीबशी सुरू झाली तरी गाडीत दम नसतो, चढावर हाफते, ट्रॅफिकमध्ये पटकन तापते. रोज थोडी थोडी बिघडत जाऊन शेवटी बंद पडलेली गाडी बहुतेक वेळा या प्रकारची असते. याचं कारण पुढे येईल.

तिसरी खूण म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडातून फट्‌कन उलटा भडका आणि इंजिन एकदाही नीट धरत नाही. प्लगच्या वायरी चुकीच्या क्रमाने लागल्या असतील किंवा रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून करंट वाटणारा तुकडा) 180 अंश उलटा असेल तर असं होतं. नुकतंच इंजिनाचं काम होऊन आलेल्या गाडीत आधी हेच बघा. आणि एअर फिल्टर काढलेला असेल तर असे प्रयोग करू नका, भडका सरळ बॉनेटखाली येतो.

करंट आहे म्हणजे किती आहे?

कॉइलमधून (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं वाढवणारा भाग) डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येणारी मधली वायर कॅपमधून काढा. तिचं टोक सुक्या रबरी हातमोज्याने किंवा लाकडी चिमट्याने धरून ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटर लांब ठेवा. कॅप काढून, पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारी दोन तोंडं) मिटलेले असताना स्विच ऑन करा आणि पॉइंट स्क्रूड्रायव्हरने हलकेच उघडा. कडक आवाजाची निळसर-पांढरी ठिणगी उडी मारून गेली पाहिजे. पिवळट, बारीक, कधी येते कधी नाही, अशी ठिणगी हवेत दिसली तरी सिलिंडरमधल्या दाबात मरून जाते. प्लग बाहेर काढून बघितलं तेव्हा करंट होता, तरी गाडी का धरत नव्हती, याचं हे साधं उत्तर आहे.

ठिणगी अशक्त असेल तर आधी बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ मारत असताना मोजा. ते साडेनऊच्या खाली जात असेल तर बाकी काही उघडू नका. बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिनाची अर्थची पट्टी साफ करा. मग कॉइल मोजा. या गाडीच्या साध्या 12 व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रोध साधारण तीन ओहम असतो. बाजारात दीड ओहमची, बाहेरून बॅलास्ट रेझिस्टन्स (जादा रोध) लागणारी कॉइलही मिळते आणि दिसायला दोन्ही सारख्याच असतात. ती थेट जोडली तर गाडी सुरुवातीला झकास चालते, मग कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते आणि पॉइंट जळून काळे पडतात. पॉइंट वारंवार जळत असतील तर कॉइल आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा) या दोघांवर आधी संशय घ्या.

गॅप आधी, टायमिंग नंतर

इथेच बहुतेक गाड्यांचं दुखणं असतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

ठिणगी पडते ती पॉइंट उघडतात त्या क्षणी. पॉइंट उघडतात कारण डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरचा चौकोनी कॅम पॉइंटच्या फायबरच्या टाचेला बाहेर ढकलतो. आता ती टाच झिजली तर काय होईल? कॅमला टाचेपर्यंत पोचायला थोडं जास्त फिरावं लागेल, पॉइंट उशिरा उघडतील, कमी उघडतील, आणि ठिणगी उशिरा पडेल. म्हणजे डिस्ट्रिब्युटरला कुणी हात न लावताही टायमिंग मागे गेलं. गॅप बदलली की टायमिंग बदलतंच. उलट दिशेने मात्र तसं नाही, टायमिंग फिरवून गॅप सुधारत नाही. मिस्त्री जेव्हा गॅप न बघता डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवतो तेव्हा ठिणगीची वेळ जमते, पण गॅप तशीच मिटत चाललेली राहते आणि ठिणगी अशक्त होत जाते. एक दिवस गॅप इतकी बारीक होते की डिस्ट्रिब्युटर कुठेही फिरवला तरी इंजिन धरत नाही.

टाच इतक्या लवकर का झिजते? कारण कॅमवर ग्रीस नसतं. नवे पॉइंट टाकताना कॅम पुसून त्याच्यावर उच्च तापमानाचं ग्रीस बोटाने अगदी पुसट लावायचं असतं. पुष्कळ ठिकाणी ते लावतच नाहीत. काही जण इतकं लावतात की ते उडून पॉइंटच्या तोंडावर बसतं आणि तोंडं जळतात. जुना कॅम गंजून खरबरीत झाला असेल तर बारीक पॉलिश पेपरने तो आधी गुळगुळीत करा, नाहीतर तो टाचेला कानशीसारखा घासत राहतो.

गॅप मोजायची रीत: प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. टाच कॅमच्या बरोबर शेंड्यावर येईपर्यंत हँडलने इंजिन फिरवा. ल्युकासच्या डिस्ट्रिब्युटरला 14 ते 16 थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.35 ते 0.40 मिलिमीटर गॅप लागते. 15 थाऊची पाती सहज पण किंचित चिकटत सरकली पाहिजे. पॉइंटच्या एका तोंडावर टेकाड आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तर पाती टेकाडावर टेकते आणि खोटी गॅप दाखवते. असे पॉइंट घासत बसू नका, बदला.

एवढ्यावर थांबू नका. इंजिन फिरवत कॅमच्या चारही शेंड्यांवर गॅप मोजा. एका शेंड्यावर 15 आणि समोरच्यावर 11 अशी येत असेल तर शाफ्टचा बुश (ज्यात शाफ्ट फिरतो ती नळी) गेला आहे. रोटर काढून शाफ्ट दोन बोटांनी आडवा हलवून बघा, खडखड जाणवेल. अशा डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग प्रत्येक सिलिंडरला वेगळं असतं आणि ते कुणीही, कितीही कौशल्याने लावलं तरी टिकणार नाही. लेथवर चांगलं काम करणाऱ्याकडून नवा ब्राँझचा बुश घालून घ्या.

झाकण उघडलंच आहे तर दोन वायरी बघून घ्या. एक पॉइंटची बेस प्लेट आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी यांना जोडणारी आखूड, विणलेली अर्थची वायर. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (ओढीवर) टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेमुळे प्लेट सतत पुढेमागे होते आणि ही वायर कापडी वेष्टणाच्या आत तुटते, बाहेरून शाबूत दिसते. दुसरी, बाहेरच्या टर्मिनलवरून पॉइंटकडे जाणारी. दोन्ही हलक्या हाताने ओढून बघा, तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. गाडी कधी पहिल्या झटक्यात सुरू होते आणि कधी तासभर होत नाही, असा लहरी त्रास असेल तर ही जागा नक्की तपासा. जुन्या पद्धतीच्या दोन तुकड्यांच्या पॉइंटमध्ये फायबरचे वॉशर असतात. वायरींच्या टिकल्या स्प्रिंगला लागल्या पाहिजेत आणि खालच्या खांबाला अजिबात नाही. वॉशरचा क्रम चुकला तर पॉइंट कायमचे अर्थ होतात आणि ठिणगी मुळीच येत नाही.

पहिल्या सिलिंडरचा खरा माथा

पहिला सिलिंडर रेडिएटरकडचा. समोरून पाहिलं तर इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरतं. क्रँकच्या पुलीच्या कडेला एक खाच असते आणि टायमिंग कव्हरवर छोटे दात. सगळ्यांत लांब दात म्हणजे माथा (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा), बाकीचे पाच आणि दहा अंश आधीचे. पुष्कळ इंजिनांत हे दात खालच्या बाजूला आहेत, तेव्हा गाडीखाली टॉर्च घेऊन जावं लागतं. खाच आणि दात डिझेलने धुऊन त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, पुढची सगळी कामं सोपी होतात.

खाच माथ्यावर चार फटक्यांच्या चक्रात दोनदा येते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. गोंधळ होतो तो इथेच. पहिल्या प्लगच्या भोकावर बोट दाबून इंजिन फिरवा, हवा बोटाला ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा फटका. आणखी पक्की खूण हवी असेल तर टॅपेट कव्हर काढा. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर झुलत असतील, म्हणजे एक व्हॉल्व्ह मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तर पहिला सिलिंडर पेटायच्या जागी आहे.

पुली बदललेली असेल किंवा रबर घातलेली असेल तर खुणेवर आंधळा विश्वास नको, कारण रबर सुटून बाहेरची कडी सरकते. पहिल्या प्लगच्या भोकातून एक लांब लाकडी काडी आत सोडा आणि पिस्टन सर्वांत वर असताना खाच लांब दातासमोर येते का बघा. काडी इतकी लांब घ्या की आत पडणार नाही.

आता कॅप काढून रोटर बघा. तो ज्या टोकाकडे तोंड करून उभा आहे, तिथूनच पहिल्या प्लगची वायर निघाली पाहिजे. या इंजिनाचा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून पुढच्या वायरी त्याच दिशेने 3, 4, 2. रोटर बरोबर उलटीकडे बघत असेल तर इंजिनाचं काम करताना डिस्ट्रिब्युटर फिरवणारा गिअरचा दांडा उलटा बसलाय. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची जीभ मध्यापासून सरकलेली असते, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर स्वतः उलटा बसत नाही, चूक खालच्या दांड्यातच असते. तात्पुरत्या वायरी फिरवून गाडी चालेल, पण पुढचा मिस्त्री पुस्तकाप्रमाणे वायरी लावेल आणि गाडी पुन्हा बंद. दांडा काढून नीट बसवणं हेच बरं.

दिव्याने टायमिंग

यासाठी 12 व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी पुरेत. एक वायर कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून डिस्ट्रिब्युटरकडे वायर जाते. जुन्या कॉइलवर तिथे सीबी लिहिलेलं असतं. दुसरी वायर अर्थला. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला, उघडले की पेटतो.

ल्युकासच्या ज्या डिस्ट्रिब्युटरला ए (अ‍ॅडव्हान्स, पुढे) आणि आर (रिटार्ड, मागे) अशा बाणांचा गोल खाचांचा नट आहे, त्याचा नट आधी मधोमध आणा, म्हणजे नंतर दोन्हीकडे जागा राहील. इंजिन सरळ दिशेनेच फिरवत खाच हव्या त्या दातापाशी आणा. पुढे गेली तर मागे चांगली चौथाई फेरी घेऊन पुन्हा पुढे या, नाहीतर चेनची आणि गिअरची ढील आकडा चुकवते. किती अंश ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा. पुस्तक हाताशी नसेल तर पाच अंशांवरून सुरुवात करा, इंजिन धरायला तेवढं पुरतं.

क्लॅम्पचा बोल्ट हाताने फिरेल इतका ढिला करा, स्विच ऑन करा. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, दिवा विझेपर्यंत फिरवा. मग रोटर बोटाने त्याच्या फिरण्याच्या उलट दिशेला हलकेच दाबून ठेवा आणि डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या दिशेने सावकाश परत आणा. दिवा पेटला त्या क्षणी थांबा. तिथेच बोल्ट आवळा. आवळताना डिस्ट्रिब्युटर जरा सरकतो, म्हणून हँडलने दोन फेरे मारून दिवा खुणेवरच पेटतो का ते पुन्हा बघा. स्विच उगाच ऑन ठेवू नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापते.

गाडी सुरू झाली की काम अर्धंच झालं. टायमिंग लाइट मिळाला तर व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि कमी आरपीएमला खूण बघा. खूण एका जागी स्थिर हवी. नाचत असेल तर बुश किंवा चेन. अ‍ॅक्सिलरेटर दिला की खूण पुढे सरकून सोडल्यावर परत आली पाहिजे. परत येत नसेल तर प्लेटखालची, वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणारी वजनं गंजून अडकली आहेत, आणि गरम गाडी सेल्फला उलटा झटका का देते याचं उत्तर मिळालं. तिथल्या दोन स्प्रिंगांपैकी जाड स्प्रिंगच्या टोकाचा हूक मुद्दामच सैल असतो, ती जास्त वेगालाच कामाला लागते. ती ढिली झालीय असं समजून वाकवून घट्ट केलेले डिस्ट्रिब्युटर बरेच दिसतात. त्या गाड्यांना वेगात जीवच नसतो.

मग गाडी चढावर न्या. चौथ्या गिअरला पूर्ण पाय दिल्यावर अगदी हलकी टकटक येऊन लगेच विरली तर टायमिंग जागेवर आहे. टकटक टिकून राहत असेल तर आरकडे थोडे टिचके द्या. बोल्टला पुन्हा हात लावू नका, त्यासाठीच तो नट आहे.

आणि तरीही टायमिंग सुटलं तर

क्लॅम्पची पट्टी बघा. वर्षानुवर्षं जोर लावून आवळल्याने ती वाकते, कान एकमेकांना टेकतात आणि बोल्ट कितीही आवळला तरी पकड बसत नाही. डिस्ट्रिब्युटर दोन्ही हातांनी पिळून बघा, हलला तर पट्टी नवी घ्या. डिस्ट्रिब्युटर आणि पट्टीवर एक उभी रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी गाडी रुसली की रेघ जुळते का ते बघून टाकायचं. रेघ जुळत असेल आणि टायमिंग मागे गेलं असेल तर गॅप मिटलीय, रेघ तुटली असेल तर पट्टी.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात सकाळी सुरू न होणारी गाडी बहुधा टायमिंगची नसतेच. कॅपच्या आत दव धरतं. कॅप सुक्या फडक्याने पुसा आणि आत दोन टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसते का, उजेडात धरून बघा. दिसली तर पुसून उपयोग नाही, करंट त्याच वाटेने जात राहणार. रोटरचीही तीच गत, मधल्या रिव्हेटखाली तो भाजलेला असेल तर ठिणगी शाफ्टमधूनच अर्थ होते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवायचा मोह होतो आणि टाचेच्या झिजेचा प्रश्न त्याने सुटतोही. पण खिळखिळा बुश, अडकलेली वजनं आणि वाकलेली पट्टी तशीच राहते, म्हणून किट बसवण्याआधी ही तीन कामं करून घ्या. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह अर्थला असतो, ते बघूनच किट मागवा, उलटं जोडलेलं किट लगेच जळतं.

पॉइंटच ठेवणार असाल तर नवे पॉइंट टाकल्यावर पाचशे किलोमीटरला गॅप पुन्हा मोजा, कारण नवी टाच सुरुवातीला कॅमवर बसते आणि तेव्हाच सगळ्यांत जास्त झिजते. गॅप दुरुस्त केली की त्याच बैठकीत दिवा लावून टायमिंगही बघा.